गेनबाचं गोल कोर्ट

टेनिस खेळायला आलेल्या माणसाचे पाय तपासून त्याला आत सोडायचं की नाही हे ठरवणारा माणूस उभ्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो पिंपरीच्या आमच्या कारखान्यात माळी होता. नाव गेनबा, गाव चऱ्होली. वय साठीच्या आसपास असावं. त्याला विचारलं तर तो "पलेगाच्या आदुगरचा" एवढंच सांगायचा. डोक्याला मुंडासं, कमरेला धोतर, आणि टाचा अशा की खिळ्यानेच माघार घ्यावी.

संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की कारखान्याचे अधिकारी पांढऱ्या विजारी घालून, बगलेत रॅकेट मारून कोर्टाकडे निघायचे. कुंपणाच्या फाटकाशी गेनबा पाण्याची बादली घेऊन बसलेला असायचा. समोर कोण आहे हे तो बघतच नसे. नजर थेट खाली.

"पायताण भाईर. पाय धुवा. मंग आत काय मारामारी करायची ती करा."

विलायतेत शिकून आलेले आमचे मुख्य इंजिनियर कारखानीस साहेबही यातून सुटले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या रबरी तळाच्या खास बुटांचं महत्त्व गेनबाला पाच मिनिटं समजावून सांगितलं. गेनबाने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाला, "लई ग्वाड बूट हायती. भाईर ठिवा."

साहेब अनवाणी खेळले.

ह्या सगळ्याला मूळ कारण मी, हे आधीच कबूल करतो. मी टाइम ऑफिसात कारकून. टेनिसचा आणि माझा संबंध एवढाच की माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून कारखान्याच्या क्लबाचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. कारखाना नवा होता. आजूबाजूला माळरान, बाभळी आणि अर्धवट बांधलेल्या चाळी. त्यात साहेबलोकांना टेनिस कोर्ट हवं झालं. कारखानीस साहेबांनी मापं लिहिलेला कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "करून घ्या." मी तो कागद घेऊन गेनबाकडे गेलो. त्याला वाचता येत नव्हतं. मी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं, आणि त्या वेळी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. म्हणालो, "गेनबा, लांबी बावन्न हात. जमीन टणक पाहिजे, गुळगुळीत पाहिजे, खडा नको, भेग नको. अगदी खळ्यासारखी."

आता मला काय माहीत की मी हे कुणाला सांगतोय! गेनबा माळी होता तो कारखान्यापुरता. चऱ्होलीपासून दिघीपर्यंत तो खळं करणारा म्हणून प्रसिद्ध होता. मळणीसाठी जमीन खणायची, भिजवायची, बैल फिरवून मळायची, शेणाने सारवायची, ह्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. कुणाचंही धान्य मळायचं असो, खळं गेनबाच्या नजरेखालून जायचं. अशा माणसाला मी "खळ्यासारखं" म्हणालो होतो. त्याचे डोळे चमकले. "आसं सांगा की मंग," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी घरचे बैल घेऊन हजर झाला. बरोबर त्याची बायको, ठकूबाई. त्याच्यापेक्षा वीतभर उंच, आणि त्याच्यापेक्षा दहापट बोलणारी.

स्टोअरमधून माल मागवायचा तर अर्ज लागतो. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, "शेण, ताजे, वीस पाट्या. प्रयोजन: टेनिस." स्टोअरकीपरने तो अर्ज बरेच दिवस आल्यागेल्याला दाखवला.

दोघा नवराबायकोंनी बारा दिवस काम केलं. तेराव्या दिवशी कारखानीस साहेब बघायला आले. मी अभिमानाने पुढे. आणि बघतो तर समोर एक खळं. अप्रतिम खळं. आरशासारखं गुळगुळीत, बावन्न हातांचं, आणि पूर्ण गोल. मधोमध पुरुषभर उंचीचा तिवडा रोवलेला, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब.

साहेब बराच वेळ त्या खांबाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला इंग्रजीत एक प्रश्न विचारला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मी गेनबाला म्हणालो, "अहो, हे गोल कसं?"

"मंग? खळं चौकोनी आस्तं व्हय?"

"पण रुंदी? कागदात चोवीस हात रुंदी होती!"

"गोलाला रुंदी कसली आन लांबी कसली, भाऊसाहेब? बावन्न हात म्हंजी हिकडनं बी बावन्न आन तिकडनं बी बावन्न." मागून ठकूबाई म्हणाल्या, "उलट जास्तीच केलंय. तक्रार कसली करताय?"

पुन्हा सगळं करायला साहेबांना धीर नव्हता, तेव्हा त्याच गोलात चुन्याने कोर्टाच्या रेघा मारल्या. भूमिती कुणाला सुटत नाही. बावन्न हातांच्या गोलात बावन्न हात लांबीचा चौकोन कसा मावणार? चारही कोपरे खळ्याच्या बाहेर, कच्च्या मुरमात गेले. तिवडा काढायला गेनबा तयार नव्हता. "तिवडा काडला तर खळं रांडवं व्हतं," असं त्याचं म्हणणं. तीन दिवस बोलणी करून शेवटी जाळीच्या उंचीइतका कापायला कबूल झाला. जाळीचा मधला पट्टा आम्ही त्यालाच बांधला. इतका ताठ पट्टा पुण्याच्या जिमखान्यांवरही नसेल.

खेळाडूंना हे कोर्ट पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. कसं आवडणार? शेणाच्या जमिनीवर चेंडू उडायचा तो विचार करून. नव्या कोऱ्या चेंडूचा रंग दोन दिवसांत हिरवट व्हायचा. कारखानीस साहेबांचा हुकमी फटका कोपऱ्यातला. तो मुरमात पडला की साहेबांचाच चेंडू साहेबांचं ऐकेनासा व्हायचा. कधी जागच्या जागी बसायचा, कधी लॅबोरेटरीतल्या नाडकर्ण्यांच्या कानाजवळून निघून जायचा. नाडकर्णी त्यामुळे कोपऱ्यातला चेंडू पाठ वळवून घ्यायचे.

त्यात गेनबाची रोजची तपासणी. पहाटे येऊन तो अख्ख्या कोर्टावर टाचा आपटत फिरायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज भरीव आला की पुढे. पोकळ आला की थांबायचा, चुलीची राख घेऊन तिथे एक रिंगण काढायचा, आणि संध्याकाळी जाहीर करायचा, "तितं आज खेळायचं न्हाई. दुखतंय." एखाद्या दिवशी अशी तीन रिंगणं असायची. शेवटी क्लबाला नियम करावा लागला की राखेत पडलेला चेंडू पुन्हा खेळावा. तो नियम माझ्याच अक्षरात फाटकावर लागला होता.

खेळाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. "येक चेंडू, चौघं जण, आन कुनालाच नगो," असं तो म्हणायचा. पण खेळ चालू असताना तो नजर हलवत नसे. चेंडू कुठे जातो ते नाही, जमिनीला कुठे लागतं ते बघायचा. नाडकर्णी जोरात घसरले की इकडे हा कळवळायचा. नाडकर्ण्यांना वाटायचं, बिचारा आपली काळजी करतो.

माघाच्या सुमारास कारखानीस साहेबांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं की खेळाडूंना कोणतं कोर्ट सर्वांत नावडतं याची म्हणे कुठे चौकशी झाली. झालं. मला हुकूम आला, आपल्याही सभासदांची मतं घ्या. मी चौदा चिठ्ठ्या वाटल्या. गवत, मुरूम, सिमेंट, शेण, असे चार पर्याय लिहिले होते. चौदाच्या चौदा चिठ्ठ्यांवर एकच उत्तर आलं. एकाने तर "शेण" ह्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. ठरलं, सिमेंटचं कोर्ट करायचं.

गेनबाला सांगायचं काम अर्थातच सेक्रेटरीकडे.

त्याने शांतपणे ऐकलं. "सिमिट म्हंजी कायमचं?"

"हो. पंधरा-वीस वर्षं बघायला नको."

"मंग पावसाळा सरल्यावं काय करायचं?"

"काही नाही."

"सारवायचं न्हाई?"

"नाही."

"मळायचं?"

"अहो, काहीच करायचं नाही गेनबा."

तो माझ्याकडे बघत राहिला. दरसाल जिला कुणी हात लावत नाही अशी जमीन ही कल्पनाच त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. मग म्हणाला, "आन म्या?" मी म्हणालो, "बागकाम आहेच की." त्याने मान हलवली आणि राखेचं टोपलं उचलून गेला. 

पण देव असतो, आणि कधीकधी तो पुण्याच्या सिमेंट कोर्टावर असतो. नवं कोर्ट करण्याआधी सवय व्हावी म्हणून साहेबांनी तिथल्या एका क्लबाशी सामना ठरवला. चैत्रातली दुपार. सहा महिने अनवाणी खेळलेल्या आमच्या मंडळींनी बूट चढवले, ते पहिल्या दहा मिनिटांत चावले. खाली सिमेंट तव्यासारखं तापलेलं. आणि चेंडू! आमच्या कोर्टावर चेंडू पोचेपर्यंत माणसाला घाम पुसायला सवड असायची. इथे तो येऊन गेल्यावर कळायचं की आला होता. नाडकर्णी सवयीने पाठ वळवून उभे राहिले, आणि चेंडू पाठीतच बसला. कारखानीस साहेब आपला हुकमी फटका मारायला धावले आणि दोन्ही गुडघ्यांवर आपटले. एकही सेट आमच्या वाट्याला आला नाही.

पिंपरीला पोचल्यावर साहेब लंगडत तडक कोर्टाकडे गेले. गुडघ्यांना पट्ट्या. बूट काढले, पाय धुतले, आणि खळ्यावर मधोमध जाऊन उभे राहिले. उन्हं कलली होती आणि जमीन गार होती. साहेबांनी डोळे मिटले.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "जगातलं सर्वांत वाईट कोर्ट सिमेंटचं."

"आणि हे, साहेब?"

"हे दुसरं." थोडं थांबून म्हणाले, "पावसाळ्यानंतर चार कोपरे तेवढे करून घ्या."

गेनबाला मी धावतच जाऊन सांगितलं. त्याने फक्त "बरं" म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर नाडकर्ण्यांचे पाय तो स्वतः धुवायला बसला होता.

वैशाखात माझं लग्न झालं. कुसुम खेडजवळच्या एका गावची, शेतकऱ्याघरची. पावसाळा आला, कोर्ट बंद झालं. भाद्रपदात गेनबाने एक दिवसाची रजा मागितली. कारणापुढे मी लिहिलं, "घरगुती काम", सही घेतली, आणि विसरून गेलो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. गेनबाने जुनी जमीन न खणता वरवर खरवडली, भिजवली, बैल फिरवले. नवे चार कोपरे मात्र त्याने स्वतःच्या पायांनी तुडवले, कारण बैल कोपऱ्यात वळत नाहीत. सगळं सुरेख झालं. आता फक्त शेणाचं सारवण राहिलं. आणि तिथे काम अडलं.

पहिल्या दिवशी म्हणाला, "शेन बराबर न्हाई." दुसऱ्या दिवशी हवा बरोबर नव्हती. मग चार दिवस अमावस्येच्या नावावर गेले. बायकोला मदतीला आणा म्हटलं तर "बगू" म्हणाला. दहाव्या दिवशी जमिनीला बारीक भेगा दिसू लागल्या. साहेबांच्या गुडघ्यांच्या जखमा एव्हाना भरल्या होत्या, आणि जखम भरली की माणूस शहाणपण विसरतो. साहेब म्हणाले, "रविवारी खेळायला जमीन तयार पाहिजे. नाहीतर सोमवारी सिमेंटचा अर्ज पाठवतो." शुक्रवारी गेनबा कामावरच आला नाही.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी सायकल काढली आणि भोसरी, दिघी करत चऱ्होली गाठली. गावाबाहेर बाजरीचे भारे रचलेले. एका शेतात खळं सारवायचं काम चाललं होतं. एक तरुण जोडपं शेजारी शेजारी बसून शेणकाल्यात हात बुडवत होतं. चारपाच माणसं भोवती उभी. गेनबा मात्र दिसेना. मग दिसला. पन्नास पावलांवर बांधावर एकटा बसला होता, आणि तिथून त्या जमिनीकडे टक लावून बघत होता.

मी तिथल्या एकाला विचारलं, "गेनबा लांब का बसलेत? त्यांना बोलवा की."

"किती बलावलं, येत न्हाईत. भादव्यात ठकूकाकी गेल्या न्हवं का त्येंच्या. खळ्याला पयला हात जोडीचा लागतोय. त्येंनीच शिकवलंय आमाला ह्ये. आमी म्हनतो, आवो चालतंय, तुमच्या हातासारखा हात न्हाई. पन आयकत न्हाईत. येकट्याचा हात लागला तर रास कमी पडती, म्हनत्यात."

मला भाद्रपदातली ती रजा आठवली. एक दिवस. घरगुती काम. माझं ते सुंदर अक्षर मला नकोसं झालं.

मी बांधावर जाऊन त्याच्याशेजारी बसलो. तो खळ्यावरची नजर न काढता म्हणाला, "पानी जास्त झालंय त्येंचं. दोन दिसात पापुद्रं सुटतील."

"गेनबा, मला सांगायचं होतंत."

"सांगितलं की. रजा घेतली."

अशा वेळी काय बोलावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग तोच म्हणाला, "सिमिट घाला, भाऊसाहेब. आता सिमिटच बरं. त्येला जोडी लागत न्हाई."

मी उठलो. म्हणालो, "जोडी मी आणतो. उद्या सकाळी तुम्ही नुसते या आणि हात कसा फिरवायचा ते सांगा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आना," म्हणाला. "पानी म्या बगंन."

घरी येऊन कुसुमला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्हाला सारवता येतं?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग कसली जोडी!" तवा उतरेपर्यंत ती विचारात होती.

रविवारी सातला आम्ही पोचलो तेव्हा गेनबा आलेला होता. शेणकाला त्याने तयार ठेवला होता, बोटात धरून बघत होता. कारखानीस साहेब रॅकेट घेऊन कुंपणाबाहेर उभे. त्यांना मी थोडक्यात सांगितलं होतं. आज ते घड्याळाकडे बघत नव्हते.

कुसुमने पदर खोचला, वाकून गेनबाच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, हात तुमचा लागू द्या आधी."

गेनबा दोन पावलं मागे सरला. "माजा न्हाई चालायचा, माय. पयला हात हाय."

"पहिला कसा? जमीन तुम्ही खणलीत का?"

"न्हाई. खरवाडली वरवर."

"मग हे मागच्या सालचंच खळं की, कोपरे त्यालाच जोडलेत. त्याला पहिला हात तुमचा दोघांचा लागलाय. तो तसाच आहे खाली. आम्ही नवराबायको त्यावर कशाला पहिला हात लावू? तुमचंच पुढं चालू करा."

मी गेनबाकडे बघत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांना खळ्याचे नियम सांगणाऱ्या माणसाला कालची आलेली पोर नियम सांगत होती, आणि नियम बरोबर होता. तो कोर्टाच्या मध्यापर्यंत चालत गेला. तिथे उभा राहून त्याने बराच वेळ खाली पाहिलं. मग मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसले, उघडपणे, आमच्यासमोर, आणि परत येऊन शेणकाल्याची पाटी उचलली.

तो एका टोकाला बसला आणि त्याने जमिनीवर हात टेकला. उजव्या अंगाला त्याने एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. कुसुम तिथे बसायला निघाली, थांबली, आणि वळसा घालून त्याच्या डावीकडे जाऊन बसली.

गेनबा सारवू लागला. आपला पट्टा पुरा झाला की तो पुढे सरकण्याआधी थांबायचा, उजव्या बाजूला बघायचा. दुसऱ्या माणसाचा हात फिरून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ थांबायचा. मग ती बाजूही स्वतःच सारवायचा आणि पुढे सरकायचा.